कच्चा लसूण आणि मध: पहिल्या पाकळीपासून

पहिल्या दिवशी मी तीन पाकळ्या खाल्ल्या होत्या. अनशापोटी, बारीक ठेचून, वर चमचाभर मध. जितका जास्त तितका चांगला, असं एकानं छातीठोकपणे सांगितलं होतं. पाच मिनिटांत घशापासून पोटापर्यंत कुणी गरम रेघ ओढल्यासारखं झालं, तोंडाला पाणी सुटलं आणि बेसिन गाठावं लागलं. पुढचे चार दिवस मधाची बाटली दिसली तरी पोटात ढवळायचं.

ही सवय आजही आहे, पण पद्धत बदलली. रोज एकच पाकळी, त्याच वेळी ठेचलेली, पोटात काहीतरी गेल्यावर. मधात लसूण भिजवून ठेवलेली बरणी मात्र मी ठेवत नाही. नव्यानं सुरू करणारे बहुतेक जण नेमकी बरणीपासूनच सुरुवात करतात, म्हणून त्याबद्दल खाली जरा लांबण लावली आहे.

आधी अपेक्षा आवरा

लसूण-मध घेतला की कोलेस्टेरॉल उतरतं, रक्तदाब आटोक्यात येतो, सर्दी जवळ फिरकत नाही, अशी यादी सगळीकडे ऐकू येते. त्यातलं एकेक बघू.

कोलेस्टेरॉलचा प्रश्न स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी चांगला तपासला. २००७ साली छापून आलेल्या त्यांच्या प्रयोगात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, थोडं वाढलेले १९२ जण होते. काहींना कच्चा लसूण, काहींना लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या आणि उरलेल्यांना नुसतं सोंग, म्हणजे औषध नसलेली गोळी. आठवड्यातून सहा दिवस, साधारण एका पाकळीइतका लसूण, सहा महिने. शेवटी कुठल्याच गटाचं एलडीएल म्हणण्यासारखं हललं नाही. त्यामुळे फक्त कोलेस्टेरॉलसाठी सुरू करत असाल तर नाक मुरडत पाकळ्या चावायची गरज नाही.

रक्तदाबाचं चित्र थोडं बरं आहे. ज्यांचा दाब मुळातच वाढलेला आहे अशांवर झालेले बरेच प्रयोग एकत्र पाहिले तर लसणानं तो काहीसा उतरतो असं दिसतं. पण त्या प्रयोगांत बहुतेकदा लसणाची पूड किंवा मुरवलेल्या लसणाचा अर्क मोजून दिलेला होता, घरी ठेचलेली पाकळी नव्हे. दाबाची गोळी बंद करून लसूण धरायचा, हा विचारही करू नका.

सर्दीबद्दल २००१ सालचा एक प्रयोग सारखा पुढे केला जातो. १४६ जण, १२ आठवडे. ॲलिसिन, म्हणजे ठेचलेल्या लसणातलं उग्र द्रव्य, असलेली गोळी घेणाऱ्यांच्या गटात एकूण २४ सर्द्या, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या गटात ६५. आकडे डोळ्यांत भरतात खरे. पण कॉक्रेन या, वैद्यकीय प्रयोग एकत्र करून पारखणाऱ्या संस्थेच्या समीक्षकांनी या विषयावरचं सगळं संशोधन चाळलं तेव्हा त्यांच्या निकषांत बसणारा हा एकच प्रयोग हाती लागला. एका प्रयोगावर किती भार टाकायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मधाचा एक उपयोग मात्र बऱ्यापैकी पक्का आहे: साधा खोकला. घशाला आराम पडतो आणि रात्रीची ढास कमी होते. ब्रिटनमधल्या आरोग्य मार्गदर्शनातही साध्या खोकल्यासाठी अँटिबायोटिकच्या आधी मध सुचवलेला आहे. बाकी या जोडगोळीत मधाचं मुख्य काम, माझ्या मते, तिखटपणा झाकायचं. ते तो झकास करतो.

कुणी सुरू करू नये, कुणी विचारून करावं

हा भाग उडी मारून पुढे जाण्याचा नाही.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावरसुद्धा चाटवायचा नाही. मधात बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी जीवघेणी विषबाधा, घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मिळू शकतो. मध उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे ‘गरम करून दिला तर चालेल ना’ हा प्रश्नच निकालात निघतो.

रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, म्हणजे वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रोजची ॲस्पिरिन, तर आधी डॉक्टरांना विचारा. लसणामुळे रक्तातल्या चपट्या पेशींची (प्लेटलेटची) एकमेकींना चिकटण्याची ताकद कमी होते आणि औषधाच्या जोडीला ते महागात पडू शकतं. याच कारणानं ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान सात दिवस आधी औषधासारखा घेतलेला लसूण बंद करतात. दात काढायचा असला तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. लोक गोळ्यांची नावं सांगतात, लसूण सांगायचा राहून जातो, कारण तो त्यांच्या लेखी ‘औषध’ नसतोच. एचआयव्हीच्या सॅक्विनाविर या औषधाचं रक्तातलं प्रमाण लसणाच्या गोळ्यांमुळे जवळपास निम्म्यावर आल्याचंही नोंदवलं गेलं आहे. मुद्दा इतकाच की ‘नैसर्गिक आहे, त्यानं काय होतंय’ ही समजूत इथे चालत नाही.

मधुमेह असेल तर मध साखरेतच धरायचा. त्यात सुमारे ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज आणि साधारण १७ टक्के पाणी असतं. जागतिक आरोग्य संघटनाही मधाला वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवते.

आम्लपित्त, अल्सर किंवा वरचेवर पोट बिघडण्याचा त्रास असणाऱ्यांना हा प्रयोग बहुधा सोसत नाही. लसणात फ्रुक्टन नावाची, सहज न पचणारी कर्बोदकं असतात, मधात जास्तीचं फ्रुक्टोज. संवेदनशील आतड्यात दोन्ही गॅस करतात, म्हणजे एकाच चमच्यात दोन कारणं. गरोदरपणी स्वयंपाकातला लसूण ठीक, कच्च्याचा रोजचा रतीब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाळाला दूध पाजणाऱ्या आयांवर १९९१ साली झालेला एक प्रयोग मजेशीर आहे. आईनं लसणाची गोळी घेतल्यावर दुधाला वास येऊ लागला, आणि बाळं तोंड फिरवायच्या ऐवजी जास्त वेळ अंगावर राहिली!

पायरी पहिली: पाकळी निवडा

घट्ट, जड लागणारा गड्डा घ्या. दाबल्यावर पाकळी मऊ लागली, आतून तपकिरी निघाली किंवा बुरशी दिसली तर टाकून द्या. मधून हिरवा कोंब आला असेल तर बिघडत नाही, थोडा कडवट लागतो इतकंच. नको असेल तर पाकळी उभी चिरून कोंब काढा.

मध्यम पाकळी ३ ते ४ ग्रॅमची भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या वनौषधी ग्रंथात ताज्या लसणाचं रोजचं प्रमाण २ ते ५ ग्रॅम दिलं आहे. म्हणजे एक पाकळी. माझ्या त्या पहिल्या दिवशीच्या तीन पाकळ्या या हिशेबात कुठेच बसत नव्हत्या.

गड्डे कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. आठवडाभराच्या पाकळ्या एकदम सोलून ठेवायचा मोह होतो. रोज एक सोलायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं करा.

पायरी दुसरी: ठेचा, आणि थांबा

सगळी गंमत या पायरीत आहे. एकदा हे करून बघा: सोललेली पाकळी, अजिबात न कापता, नाकाशी धरा. वास जवळपास नसतोच, ओलसर, हिरवट काहीतरी जाणवतं. आता तीच पाकळी सुरीच्या पात्याच्या चपट्या बाजूनं दाबा. कुट्ट असा आवाज येतो आणि दोन सेकंदांत तो ओळखीचा उग्र भपकारा नाकात शिरतो.

तो वास पाकळीत आधी दडून बसलेला नव्हता, तो त्या क्षणी तयार झाला. अखंड पाकळीच्या पेशीत ॲलिइन नावाचं गंधहीन द्रव्य एका कप्प्यात असतं आणि ॲलिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात. पेशी फुटली की मधली भिंत पडते, दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होतं. किडीनं कुरतडलं की तिच्या तोंडात जाळ व्हावा, यासाठी लसणानं ही व्यवस्था करून ठेवली आहे. आपण त्या किडीच्या जागी बसून वर मध ओततो. ॲलिसिन वेगळं करून त्याची ओळख पटवली ती अमेरिकेत १९४४ साली, चेस्टर कॅव्हलिटो आणि जॉन बेली या रसायनशास्त्रज्ञांनी.

यातून तीन गोष्टी निघतात.

पाकळी गोळीसारखी अख्खी गिळू नका. पेशी फुटल्याच नाहीत तर ॲलिसिन होणार कुठून? पोटातल्या आम्लात ते विकर निकामी होतं. शिवाय अख्खी पाकळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते.

ठेचून झाल्यावर किती थांबायचं, तर ‘दहा मिनिटं’ हा आकडा सगळीकडे सांगतात. तो मुळात शिजवायच्या लसणासाठी आहे: फोडणीत टाकण्याआधी दहा मिनिटं ठेवला तर आच लागायच्या आत विकराचं काम झालेलं असतं. कच्चा खायचा असेल तर बहुतेक काम पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांतच उरकतं. मी पाच मिनिटं ठेवते, कारण तेवढ्यात चहाचं आधण उकळतं.

तिसरी गोष्ट, मध नंतर. मध आंबट असतो. चवीला गोड लागला तरी त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) सरासरी ३.९ च्या आसपास असतो आणि इतक्या आम्लात ॲलिनेज मंदावतं. म्हणून आधी ठेचा, थांबा, मग मध. मधात पाकळी टाकून तिथेच चेचायची घाई करू नका.

मऊ लगदा हवा असेल तर किसणीवर किसा किंवा खलबत्त्यात ठेचा. बोटाला कापलेलं असेल तर सांभाळून, चांगलंच झोंबतं. आणि ठेचलेला लसूण कातडीवर बांधून ठेवायचे जे उपाय सांगतात त्यांच्या वाटेला जाऊ नका, त्यानं भाजल्यासारखे फोड येतात.

पायरी तिसरी: मध

एक छोटा चमचा, साधारण ७ ग्रॅम. त्यात सुमारे २१ कॅलरी आणि जवळजवळ ६ ग्रॅम साखर असते. मोठा चमचा घेतलात तर हे सगळं तिप्पट. दिवसभरातली वरची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. मोठा चमचाभर मध त्यातले १७ ग्रॅम एका घोटात संपवतो. त्यामुळे मध घेणार असाल तर दुसरीकडची थोडी साखर कमी करा, चहातली सगळ्यात सोपी.

मध थिजून रवाळ झाला म्हणजे भेसळीचा, असं नाही. ग्लुकोजचे खडे होणं हा मधाचा स्वभावच आहे. पाण्यात थेंब सोडून किंवा अंगठ्यावर घेऊन शुद्धता पाहायच्या घरगुती युक्त्यांवर विसंबू नका. मध किती घट्ट आहे हेच त्यातून कळतं आणि दाट साखरपाकही त्या परीक्षेत उत्तम गुणांनी पास होतो.

कढत पाण्यात हे मिश्रण घालू नका. पाणी घ्यायचंच तर कोमट, सहज पिता येईल इतकं.

पायरी चौथी: खाणं

अनशापोटीच घ्यायला हवं, हा हट्ट सोडा. पोटाचा त्रास बहुतेकांना तिथेच होतो. दोन घास खाऊन मग घ्या, किंवा जेवणाच्या मध्ये.

चमच्यात मधाचा थर, त्यावर लसूण, वर पुन्हा मध. चमचा जिभेच्या मध्यावर न्या, दोन-तीनदा चावा, गिळा, वर अर्धा पेला पाणी. फार वेळ तोंडात घोळवत बसलात तर जीभ आणि हिरड्या चुरचुरतात. मोहरीचा झणका ज्या संवेदकामुळे जाणवतो तोच इथेही डिवचला जातो. ही आग मिरचीसारखी रेंगाळत नाही, अर्ध्या-एक मिनिटात विझते. मग चूळ भरा, कारण मध दातांना चिकटून राहतो.

पहिला आठवडा पाव पाकळी. खरंच पाव. दुसऱ्या आठवड्यात अर्धी, आणि कुरकुर नसेल तर तिसऱ्यात पूर्ण. छातीत जळजळ, करपट ढेकर, पोटात गुबारा किंवा जुलाब झाले तर एक पायरी खाली या. तरीही थांबलं नाही तर बंद करा, तुमच्या पोटाला हे मानवत नाही. ‘शरीर आतून साफ होतंय’ असं कुणी समजावलं तर ऐकून घ्या आणि बंदच ठेवा. अंगावर पुरळ, ओठ किंवा घसा सुजणं, श्वास लागणं, ही ॲलर्जी आहे, तेव्हा थेट दवाखाना.

बरणीची भानगड

आता त्या सुंदर बरणीकडे येऊ. सोललेल्या पाकळ्या, वरून सोनेरी मध, ओट्यावर महिनाभर मुरायला ठेवलेली. फोटोत फार छान दिसते. मीही एकदा केली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी मध पाण्यासारखा पातळ झाला, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे आले आणि झाकण फिरवताना फुस्स झालं. तेव्हा मला वाटलं, वा, जमलं!

झालं होतं ते असं. लसणात सुमारे ६० टक्के पाणी असतं आणि मध ते ओढून घेतो. निव्वळ मधात पाणी कमी आणि आम्ल भरपूर, म्हणून त्यात काही वाढत नाही. पातळ झाल्यावर ते संरक्षण उतरत जातं. मग यीस्ट जागं होतं, आंबायला लागतं, त्याचेच ते बुडबुडे. इथवर ठीक. पण लसूण मातीत वाढतो आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे, म्हणजे बॉट्युलिझमच्या त्याच जिवाणूचे, बीजाणू असतात. हवा नाही, ओल आहे, पीएच ४.६ च्या वर आणि खोलीतलं तापमान, असं जुळून आलं की ते रुजतात आणि विष तयार करतात. त्या विषाला ना वास, ना चव. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरमध्ये तेलातला चिरलेला लसूण फ्रीजबाहेर ठेवल्यामुळे ३६ जणांना बॉट्युलिझम झाला होता.

तेल आणि मध एक नव्हे, हे कबूल. मधाचं आम्ल बऱ्यापैकी राखण करतं. पण पाकळ्या किती, मध किती, तो किती पातळ झाला, हे प्रत्येक बरणीत वेगळं, आणि पीएच मोजून कोण बघतं? पातळ झालेला मध ४.६ च्या खाली राहिला आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही.

त्यातून मिळतं काय? मऊ, गोडसर, अजिबात न झोंबणारी पाकळी. तिचंच कौतुक होतं. पण झोंबणं गेलं म्हणजे ज्याच्यासाठी कच्चा खायचा तेच बऱ्याच अंशी गेलं: पाकळ्या अख्ख्या राहिल्या आणि विकर आम्लात बसलं. मुरंबा म्हणून आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

करायचीच असेल तर चार दिवसांत संपेल इतकी छोटी करा आणि पहिल्या तासापासून फ्रीजमध्ये, ४ अंश सेल्सियसला ठेवा. तेलातल्या लसणासाठी घरगुती अन्नसुरक्षेचा हाच नियम आहे, मी तो इथेही लावते. पाकळ्या निळसर-हिरव्या झाल्या तर दचकू नका. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं आम्लात अमिनो आम्लांशी मिळून तो रंग धरतात, त्यात धोका नाही. खाल्ल्यावर मात्र एकाचे दोन दिसणं, पापण्या खाली ओघळणं, जीभ जड होणं, गिळता न येणं असं काही जाणवलं तर क्षणभर न थांबता इस्पितळ गाठा आणि काय खाल्लं ते सांगा.

आणि तो वास

दात घासून तो जात नाही, कारण तो नुसता तोंडात नसतो. लसूण पचताना ॲलिल मिथाइल सल्फाइड नावाचं द्रव्य रक्तात जातं आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडत राहतं, कित्येक तास. त्यामुळे बडीशेपेनं किंवा च्युइंगमनं फक्त वरवर झाकलं जातं.

थोडंफार चालतं ते कच्चं सफरचंद, पुदिन्याची ताजी पानं आणि दूध. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात हे तपासलेलं आहे. दूध लसणानंतर पिण्यापेक्षा लसणासोबत घेतलं तर जास्त उपयोगी पडतं, आणि बिनसायीच्या दुधापेक्षा सायीचं बरं.

माझी सोय वेगळी आहे. मी पाकळी रात्रीच्या जेवणात घेते, म्हणजे वासाचा सगळ्यात वाईट भाग झोपेत सरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत किंवा दाताच्या डॉक्टरांची वेळ ठरलेली असेल तर त्या रात्री सुट्टी. आणि घरात दुसरं कुणी तक्रार करत असेल तर त्यालाही पाव पाकळी द्या. दोघांनी खाल्ला की एकमेकांचा वास फारसा जाणवत नाही.